मॉडिफायर (फाशाच्या आकड्यातले अधिक-उणे) एकावर एक चढत गेले, तर ते कोणत्या क्रमाने धरायचे आणि मर्यादा नेमकी कुठे लावायची?

नौपाडकर (ठाणे)

नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण एक रविवार आड आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर हिरवे कापड अंथरून, मिनिएचर वॉरगेम, म्हणजे छोट्या शिपायांच्या बाहुल्या मांडून फाशांवर लढायचा लढाईचा खेळ, खेळतो. गेल्या पावसाळ्यापासून मी १७३७ ते १७३९ या काळातल्या वसई मोहिमेसाठी घरगुती नियम लिहितो आहे. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला, तेव्हा त्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते. आज त्याच तटाच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे. त्या अर्धवट तटावरची लढाई टेबलावर मांडावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. पुठ्ठ्याचा तट तयार आहे, वातींसाठी आणलेल्या कापसातून धूरही करून ठेवला आहे, पण नियमांचे घोडे मॉडिफायरपाशी अडले आहे.

आमची पद्धत अशी आहे. प्रत्येक बंदूकची सहा बाजूंचा एक फासा टाकतो. अनुभवी बंदूकच्याचा ‘नेम’ ४+ आहे, म्हणजे ४, ५ किंवा ६ पडल्यास गोळी लागते. गोळी लागलेल्या शिपायाला बचावाचा रोल मिळतो, म्हणजे त्याच्यासाठी आणखी एक फासा टाकायचा आणि ५+ पडला तर तो वाचतो. लक्ष्य दूर असेल तर नेमाच्या रोलवर उणे १, मध्ये धूर असेल तर उणे १, लक्ष्य तटाआड असेल तर उणे २. उलट बाजूने, तुकडी जागेवर उभी राहून गोळीबार करत असेल तर अधिक १ आणि हवालदार जवळ असेल तर अधिक १. हे सगळे एकत्र आले की खेळ हाताबाहेर जातो, हे लक्षात आल्यावर मी नियमांत एक वाक्य घातले: ‘कोणत्याही रोलवर दोनपेक्षा जास्त फरक पडणार नाही.’ वाक्य मला पुरेसे स्पष्ट वाटले होते.

मागच्या रविवारी याच वाक्यावरून पाऊण तास वाद झाला. बारा बंदूकची, लक्ष्य दूर, मध्ये धूर, शत्रू तटाआड, आपली तुकडी स्थिर आणि हवालदार शेजारी, असा प्रसंग होता. एकाचे म्हणणे असे की उणे चार आधी मर्यादेत बसवून उणे दोन करायचे, मग त्यात अधिक दोन मिळवायचे, म्हणजे शून्य उरते आणि नेम ४+ च राहतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की सगळ्यांची बेरीज आधी करायची, ती उणे दोन येते, आणि म्हणून नेमाला ६ च लागतो. पहिल्या हिशेबाने बारा फाशांत सरासरी सहा गोळ्या लागतात, दुसऱ्याने दोन. एकाच वाक्यातून तिप्पट फरक निघत असेल तर ते वाक्य नियम म्हणून उपयोगाचे नाही, हे मला मान्य आहे.

दुसरी अडचण पावसाची. दारू भिजली असेल तर तुकडीचे फासे निम्मे होतात आणि जुमलेदार (हवालदारावरचा अधिकारी) सोबत असेल तर दोन फासे वाढतात. नऊ जणांच्या तुकडीने नऊचे निम्मे करून त्यात दोन मिळवायचे, की नऊ अधिक दोन अकरा करून त्याचे निम्मे करायचे? आणि दोन हवालदार शेजारी असतील तर अधिक १ दोनदा धरायचे का? प्रकाशित खेळांनी हे प्रश्न कसे सोडवले आहेत, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

ऐरोलीकर

नौपाडकर, तुमचे तिन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. मॉडिफायर कशाला चिकटतो आणि तो हिशेबात कधी येतो, हे तुमच्या नियमांत कुठेच लिहिलेले नाही. किती मॉडिफायर चढू द्यायचे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

मर्यादेपासून सुरुवात करतो, कारण वाद तिथे झाला. वॉरहॅमर ४०,००० या प्रसिद्ध मिनिएचर खेळाच्या २०१७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत नेमाच्या रोलवरच्या मॉडिफायरना मर्यादाच नव्हती. नैसर्गिक १ (मॉडिफायर न धरता फाशावर प्रत्यक्ष दिसणारा १) पडला की गोळी चुकणार, एवढे लिहिले होते, पण ६ पडला की लागणारच, अशी हमी मूळ नियमांत नव्हती. ऑर्क सैन्याचा नेम ५+ असतो, त्यामुळे समोरच्याने उणे दोन जमवले की ऑर्कना सहा बाजूंच्या फाशावर सात पाडणे भाग होते, म्हणजेच त्यांच्या बंदुका टेबलावर असून नसल्यासारख्या होत्या. २०१८ च्या ऑर्क पुस्तिकेत नैसर्गिक ६ नेहमी लागेल अशी खास तरतूद करावी लागली. २०२० च्या नवव्या आवृत्तीत हा प्रश्न मुळातूनच हाताळला गेला: नेमाच्या आणि जखमेच्या (लागलेल्या गोळीने इजा होते का, हे ठरवणाऱ्या) रोलवर एकूण फरक अधिक १ किंवा उणे १ याच्या पलीकडे जाणार नाही, नैसर्गिक ६ नेहमी यशस्वी आणि नैसर्गिक १ नेहमी अपयशी. त्या नियमातला महत्त्वाचा शब्द ‘एकूण’ हा आहे. आधी सगळे अधिक-उणे एकत्र करायचे आणि जी बेरीज येईल तिला शेवटी मर्यादा लावायची. म्हणून तुमच्या टेबलावर दुसऱ्या खेळाडूचा हिशेब बरोबर होता. मर्यादा आधी लावली तर आपल्या बाजूच्या प्रत्येक अधिक एकला समोरच्याच्या फक्त पहिल्या दोन उण्यांशीच सामना करावा लागतो आणि तिसरा-चौथा उणा हवेत विरतो. असा नियम मुद्दाम हवा असेल तर तो तसा लिहावा, पण तो नकळत घडू नये.

आता क्रम. दिवाळीला गोखले रोडवर कपडे घेताना हजार रुपयांच्या खरेदीवर दहा टक्के सूट आणि शंभर रुपयांचे कूपन, अशी दोन्ही मिळाली, तर आधी सूट आणि मग कूपन धरल्यास आठशे रुपये होतात, आधी कूपन आणि मग सूट धरल्यास आठशे दहा. दुकानदार दहा रुपये सोडून देतो, पण समोर बसलेला खेळाडू एक फासाही सोडत नाही. वॉरहॅमरच्या नवव्या आवृत्तीने यासाठी ठाम क्रम दिला: आधी भागाकार, मग गुणाकार, मग बेरीज, मग वजाबाकी, आणि अपूर्णांक सगळे संपल्यावर वरच्या पूर्णांकात. त्या क्रमाने तुमच्या भिजलेल्या तुकडीचे नऊचे साडेचार, त्यात दोन मिळवून साडेसहा, आणि वर नेऊन सात फासे होतात. उलट क्रमाने अकराचे निम्मे साडेपाच, म्हणजे सहा. एका फाशाचा फरक लहान वाटतो, पण या क्रमामागे अर्थ आहे: जुमलेदाराने दिलेले दोन फासे पावसाने निम्मे होत नाहीत. तुमच्या मते जुमलेदाराची दारूही भिजायला हवी असेल तर क्रम उलटा ठेवा. मला स्वतःला पहिला क्रम आवडतो, कारण सोबत कोण आहे याने खेळाडूला मिळालेला लाभ ठाम राहतो आणि मांडणी करतानाच त्याला तो मोजता येतो.

अपूर्णांकाबद्दल एक बारकावा लक्षात ठेवा. दोनदा निम्मे करताना प्रत्येक पायरीवर वरचा पूर्णांक घेतला काय किंवा शेवटी एकदाच घेतला काय, उत्तर तेच येते. पण निम्मे आणि दुप्पट एकत्र आले की बिघडते. नऊचे निम्मे साडेचार आणि त्याची दुप्पट नऊ, हे बरोबर आहे, मात्र मध्येच पाच केले तर दहा फासे होतात. म्हणून ‘पूर्णांक शेवटी, एकदाच’ हे शब्द लिहून ठेवावेत.

आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे मॉडिफायर कोणत्या थरावर बसतो. स्टॅट (ताकदीसारख्या गुणाचा ठरलेला आकडा) बदलणे वेगळे आणि रोल (फाशावर पडलेला आकडा) बदलणे वेगळे. वॉरहॅमरच्या आठव्या आवृत्तीपासूनच्या जखमेच्या कोष्टकात माऱ्याची ताकद आणि लक्ष्याचा चिवटपणा समान असतील तर ४+ लागतो, ताकद जास्त असेल तर ३+ आणि दुप्पट किंवा त्याहून अधिक असेल तर २+. आता ताकद ४, समोरचा चिवटपणा ४, आणि ताकदीवर अधिक १ असे तीन मॉडिफायर चढवा. पहिल्याने ४+ चा ३+ होतो. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने काहीच होत नाही, कारण ताकद ६ असो की ७, ती चिवटपणाच्या दुप्पट नाही. चौथा मिळाला की ताकद ८ होते आणि एकदम २+ येतो. रोलवरचा अधिक १ मात्र प्रत्येक वेळी एक पायरी चढवतो आणि म्हणूनच त्याला मर्यादा लागते. स्टॅटवरच्या मॉडिफायरना कोष्टक स्वतःच आवर घालते. तुमच्या ‘नेम ४+’ मध्ये स्टॅट आणि रोल एकच होऊन बसले आहेत, त्यामुळे तुम्हाला हा भेद जाणवला नसावा.

दोन हवालदारांबद्दल: एकाच नावाचा परिणाम एका तुकडीवर एकदाच धरावा. हवालदार आणि जुमलेदार यांचे परिणाम वेगळ्या नावांचे आहेत, ते एकत्र धरावेत.

नेरूळची गणितवाली

ऐरोलीकरांनी क्रम नीट उलगडला आहे, मी फक्त फाशांच्या बाजूने भर घालते. मी शाळेत गणित शिकवते आणि संभाव्यतेच्या पाठाला फासेच वापरते. तिथे मुले पहिल्यांदा हीच चूक करतात की ‘उणे १’ म्हणजे नेहमी सारखेच नुकसान.

एका फाशावर ३+ असताना सहापैकी चार वेळा यश येते. उणे १ लागला की तीन वेळा, म्हणजे एक चतुर्थांश यश गेले. पुढच्या उणे १ ने तीनाचे दोन होतात, म्हणजे एक तृतीयांश गेले. त्यापुढच्याने दोनाचा एक होतो, म्हणजे निम्मे गेले. पायरी तीच असली तरी दर वेळी घाव अधिक खोल जातो. म्हणजे मॉडिफायर साठत जातात तेव्हा त्यांची किंमत साध्या बेरजेने वाढत नाही, शेवटचा मॉडिफायर सर्वांत महाग असतो. तुमच्या धुराला आणि अंतराला तुम्ही समान उणे १ दिला आहे, पण तट आधीच असेल तर त्यानंतर येणारा धूर हा मोकळ्या मैदानातल्या धुराहून कितीतरी घातक ठरतो.

दोन फाशांच्या बेरजेवर चालणाऱ्या खेळांत हीच गोष्ट आणखी ठळक होते. १९८४ पासून खेळल्या जाणाऱ्या बॅटलटेक या महाकाय लढाऊ यंत्रांच्या खेळात मर्यादा जवळजवळ नाहीच, उलट मॉडिफायर साठवणे हाच खेळाचा गाभा आहे. यंत्राच्या सर्वसाधारण चालकाचे नेमबाजीचे कौशल्य ४ असते, म्हणजे दोन फाशांवर ४ किंवा अधिक. त्यात स्वतः धावत असल्यास २ मिळवायचे, मध्यम पल्ल्यासाठी २, लक्ष्य नकाशावरची पाच-सहा षट्कोनी घरे सरकले असल्यास २. झाले १०. दोन फाशांवर १० किंवा अधिक पडण्याची शक्यता ३६ पैकी ६ आहे. आता लक्ष्य विरळ झाडीत असेल तर आणखी १, म्हणजे ११, आणि शक्यता ३६ पैकी ३. एका झाडीने निम्मी शक्यता नेली. पण तीच झाडी ६ च्या जागी ७ करत असेल तर ३६ पैकी २६ वरून २१ वर, म्हणजे जेमतेम एक पंचमांश नुकसान होते. घंटेच्या आकाराच्या त्या वक्राच्या मध्यावर उभे असताना एक पायरी किरकोळ असते आणि कडेला ती कड्याइतकी उभी असते. बॅटलटेकचे खेळाडू हे ओळखून हालचाल करतात, आणि म्हणून तिथे मर्यादा नसूनही खेळ टिकला आहे.

इन्फिनिटी या स्पॅनिश खेळात वीस बाजूंचा फासा असतो आणि स्टॅटएवढे किंवा त्याहून कमी पाडायचे असते. तिथे आडोसा उणे ३, अवघड पल्ला उणे ३, परिसरात मिसळून जाणारा वेश उणे ३, असे मोठे मॉडिफायर मोकळेपणाने चढतात आणि एकूण मर्यादा अधिक-उणे १२ इतकी सैल आहे. स्टॅट १२ असेल आणि तिन्ही उणे लागले तर ३ उरतात, म्हणजे वीसपैकी तीन. वीस बाजूंच्या फाशावर जागा भरपूर आहे, म्हणून तीन-तीनचे मॉडिफायर मावतात. सहा बाजूंच्या फाशावर उपयोगी आकडे २ पासून ६ पर्यंत पाचच आहेत, आणि तुम्ही त्यात सहा एककांचे मॉडिफायर कोंबता आहात. अडचण इथे आहे.

अधिक-उणे दोनची मर्यादा ठेवली तर अनुभवी बंदूकच्यांचे भागेल, कारण ४+ वर उणे दोन म्हणजे ६, आणि तो पडू शकतो. पण शिबंदीचा (कच्च्या, तात्पुरत्या शिपायांचा) नेम ५+ ठेवला असेल तर तिला ७ लागतील. यावर दोन तयार उपाय आहेत. बोल्ट अ‍ॅक्शन या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाच्या २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ७ किंवा त्याहून जास्त लागत असतील तर आधी ६ आणि मग पुन्हा ६ पाडायचा, म्हणजे ३६ पैकी १, मग उणे कितीही असोत. वॉरहॅमरच्या जुन्या फॅन्टसी खेळात पायऱ्या होत्या: ७ साठी आधी ६ आणि मग ४+, ८ साठी ६ आणि मग ५+, ९ साठी ६ आणि मग ६, त्यापुढे अशक्य. शक्यता अनुक्रमे १२ पैकी १, १८ पैकी १ आणि ३६ पैकी १ येतात. हा उतार मला अतिशय देखणा वाटतो, कारण तो एकदम तुटत नाही. वेळ थोडा जास्त लागतो, हा त्याचा दोष.

नौपाडकर (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. ‘आधी एकूण बेरीज, मर्यादा शेवटी’ हे वाक्य मी लगेच बदलून घेतले. शिबंदीचा नेम खरोखरच ५+ आहे आणि सातचा प्रश्न माझ्या ध्यानीमनीही नव्हता. पण तटाचे उणे दोन आणि धुराचे उणे एक एकत्र आले की मर्यादा लगेच गाठली जाते, आणि मग अंतराचा काही परिणामच उरत नाही. मर्यादा वाढवली तर गोळीबार संपतो, घटवली तर तट निरर्थक होतो. याला काही मधला मार्ग आहे का?

कळव्याचा खेळाडू

मधला मार्ग आहे, आणि तो सांगताना मला वरच्या दोन्ही उत्तरांशी थोडी असहमती नोंदवायची आहे. मर्यादा हा उपाय मानला जातो, पण ती जखमेवर बांधलेली पट्टी आहे. वॉरहॅमरच्या नवव्या आवृत्तीत मी दोन वर्षे खेळलो. दाट झाडीचा उणे १ आणि माझ्या तुकडीचा स्वतःचा उणे १ असे दोन असूनही परिणाम एकाचाच. मग मी ती तुकडी झाडीत नेलीच नाही, कारण नेऊन मिळणार काहीच नव्हते. टेबलावरचा भूप्रदेश खेळाडूला खुणावेनासा झाला, तर त्या खेळातली लढाईच निघून जाते, असे माझे ठाम मत आहे.

तुमचाच प्रसंग घ्या. आज एकूण उणे दोन आहे, ६ लागतो, बारा फाशांत दोन गोळ्या लागतात. समजा शत्रूने मोठ्या कष्टाने तुमचा हवालदार टिपला. आता उणे चार आणि अधिक एक, म्हणजे उणे तीन, मर्यादेमुळे पुन्हा उणे दोन. लागणार पुन्हा ६, गोळ्या पुन्हा दोन. हवालदार पडला आणि टेबलावर काहीही बदलले नाही. ज्या नियमात सेनानायक मेल्याने फरक पडत नाही, तो नियम अठराव्या शतकातल्या लढाईला शोभत नाही.

म्हणून मॉडिफायर एकाच रोलवर लादण्याऐवजी निरनिराळ्या जागी वाटून द्या. वॉरहॅमरच्या २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत आडोशाचा लाभ नेमाच्या रोलवरून काढून चिलखताच्या बचावाकडे वळवला गेला: दुरून होणाऱ्या माऱ्याविरुद्ध बचावाच्या रोलला अधिक १. ज्यांचे चिलखत मुळातच ३+ किंवा त्याहून चांगले आहे, त्यांना चिलखत न भेदणाऱ्या साध्या माऱ्याविरुद्ध तो मिळत नाही. तुम्हीही तटाचे उणे दोन काढून बचावाला अधिक दोन द्या. मग नेमावर अंतर उणे १, धूर उणे १, स्थिर अधिक १, हवालदार अधिक १, बेरीज शून्य. ४+ वर बारा फाशांत सहा गोळ्या लागतात, तटाआडचा बचाव ५+ चा ३+ होतो, सहापैकी चार वाचतात, दोन पडतात. जुन्या हिशेबात दोन गोळ्या लागून ५+ च्या बचावानंतर सरासरी एक पूर्णांक एक तृतीयांश माणूस पडत होता. तट थोडा सौम्य झाला खरा, पण आता हवालदार टिपला की ४+ चा ५+ होतो, चार गोळ्या लागतात आणि पडणारे दोनावरून एक पूर्णांक एक तृतीयांशावर येतात. म्हणजे हवालदार पडला की तुकडीचा मारा एक तृतीयांशाने घटतो, आणि त्याला जपणे हे आता खेळाडूच्या मनात राहील.

अर्थाच्या दृष्टीनेही हे पटणारे आहे. धुरामुळे माणूस दिसत नाही, म्हणून धूर नेमावर. तट गोळी अडवतो, म्हणून तट बचावावर. भिजलेली दारू पेटत नाही, म्हणून पाऊस फाशांच्या संख्येवर. प्रत्येक कारण आपापल्या जागी बसले की एकावर एक चढण्याचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो.

ऐरोलीकर

कळवेकर, हवालदाराचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे आणि मी ते मान्य करतो. फक्त एक धोका सांगून ठेवतो. मॉडिफायर नेमावरून बचावाकडे सरकवले की साठण्याचा धोकाही तिकडेच सरकतो. तटाआड अधिक दोन, त्यात ढालाइतांना (ढाल घेतलेल्या शिपायांना) ढालीचा अधिक एक, म्हणजे ५+ चा थेट २+. सहापैकी पाच वाचले तर किल्ला कधीच पडणार नाही. म्हणूनच दहाव्या आवृत्तीत बचावाचा रोलही अधिक १ च्या पलीकडे सुधारू शकत नाही, असे वेगळे वाक्य आहे. नौपाडकरांनी बचावाला अधिक दोनची मर्यादा ठेवावी, नेमाला अधिक-उणे दोनची आहेच.

आणखी एक गोष्ट, जी पुढे नक्की वादाला कारण होईल. तुम्ही पुन्हा फासा टाकण्याची मुभा देणार असाल, तर ती मॉडिफायर धरण्याआधी की नंतर, हे लिहा. आठव्या आवृत्तीत ती आधी होती. नेम ३+ आणि उणे १ असताना नैसर्गिक ३ पडला, तर तो मॉडिफायरआधी यशस्वी म्हणून पुन्हा टाकता येत नसे आणि मॉडिफायरनंतर अपयशी ठरे. नवीन खेळाडूला हे समजावताना मी अनेकदा टेबलावर फासा धरून दाखवला आहे आणि दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर अन्याय झाल्याची भावना पाहिली आहे. घरगुती नियमांत ‘चुकलेला फासा पुन्हा टाका’ असे न लिहिता ‘नैसर्गिक १ पुन्हा टाका’ असे लिहिले, तर आधी-नंतरचा प्रश्नच उद्भवत नाही.

नौपाडकर (ठाणे)

काल रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलावर बारा फासे आणि पुठ्ठ्याच्या तटाचा एक बुरूज एवढेच घेऊन बसलो आणि नव्या पद्धतीने तोच प्रसंग वीस वेळा खेळून पाहिला, दहा वेळा हवालदारासह आणि दहा वेळा त्याच्याविना. हवालदार असताना तटावरचे शिपाई बहुतेक वेळा दोन-दोनाने पडत होते. तो बाजूला काढला की काही फेऱ्या एकही न पडता गेल्या. माझा मुलगा शेजारी बसून नुसते बघत होता, तो सहाव्या-सातव्या फेरीला म्हणाला, “बाबा, हवालदाराला मागच्या रांगेत ठेवा ना.” जुन्या नियमांत हे कोणाच्या मनात आले नव्हते.

नियमांचा मजकूर आता असा ठेवतो आहे. कुठे फट राहिली असेल तर सांगावे. ‘नेमाच्या रोलवरचे सर्व अधिक आणि उणे प्रथम एकत्र मोजावेत, बेरीज दोनपेक्षा जास्त असेल तर ती दोन धरावी, उणे दोनपेक्षा कमी असेल तर उणे दोन धरावी. बचावाच्या रोलला तट आणि ढाल मिळून दोनपेक्षा जास्त लाभ होणार नाही. नैसर्गिक १ नेहमी चुकतो. सात लागत असतील तर आधी ६ आणि मग ४ किंवा अधिक पाडावा. फाशांची संख्या ठरवताना आधी निम्मे करावे, मग मिळवावे, आणि अपूर्णांक शेवटी एकदाच वरच्या पूर्णांकात न्यावा. एकाच नावाचा परिणाम एका तुकडीवर एकदाच लागू होतो.’ बोल्ट अ‍ॅक्शनचा दोनदा सहा हा उपाय सोपा होता, पण मर्यादेमुळे आमच्याकडे सातच्या वर कधी जाणारच नाही, म्हणून पायऱ्यांमधली फक्त पहिली पायरी घेतली.

एक शंका अजून आहे. जुमलेदार दोन तुकड्यांच्या मधोमध उभा असेल तर त्याचे दोन फासे दोघींनाही मिळावेत, की त्याने दर फेरीला एकच तुकडी निवडावी? मला निवडणे बरे वाटते, कारण दोन्हीकडे दिले तर सगळे जुमलेदार तुकड्यांच्या सांध्यावरच उभे राहतील. पण निवड गोळीबाराआधी जाहीर करायची की फासे उचलताना, यावर अजून ठरलेले नाही. ऐरोलीकर, तुम्ही पुढच्या रविवारी ठाण्याला येणार असाल तर दोन्ही पद्धतींनी एकेक डाव मांडू. ठाणे-वाशी मार्गावरची सकाळची लोकल धरलीत तर दहापर्यंत टेबल लावून ठेवतो.